मोहाखालच्या चौकटी

तिला जंगल मिळालं आणि मला गायरान. या एका वाटणीचा हेवा मी पुढे कित्येक वर्षं केला. त्या हेव्यापायी मी जे केलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आता नोकरी संपली आहे आणि ज्यांना सांगायला हवं होतं ते सरही राहिले नाहीत. तेव्हा लिहून तरी ठेवते.

वाटणी सरांनी केली ती नांदेडच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत, उभ्या उभ्या, कपातला चहा संपायच्या आत. प्रकल्प एकच होता. मराठवाड्यातली जंगलं आणि चराऊ रानं कशी बदलत चालली आहेत, कुठली झाडं आणि कुठली गवतं टिकून आहेत, माणसं त्या जमिनीचं काय करतात, याची मोजणी करायची होती. आम्ही संशोधक विद्यार्थिनी दोघी. एकीनं किनवटच्या रानात जायचं, दुसरीनं जळकोटजवळच्या एका गायरानावर. जळकोट आता तालुका आहे. तेव्हा ते नुसतं मोठं गाव होतं. "तुम्ही तिकडच्याच. गावात तुम्हाला कोणी अडवणार नाही," असं सर माझ्याकडे बघून म्हणाले, आणि दुसरी, औसा गावची म्हणून जिला आम्ही सगळे औशाच म्हणायचो, ती किनवटला गेली.

तिकडचीच असण्याची चीड मला त्या दिवशी पहिल्यांदा आली. औसा गावाजवळ तिच्या घरची चांगली काळी जमीन होती, विहीर होती, दोन बैलजोड्या होत्या. आमच्याकडे गुंठाभर जमीन नव्हती. वडील लातूरला कचेरीत शिपाई होते आणि गावातल्या बौद्धवाड्यात माझी आत्या राहायची. बहात्तरच्या दुष्काळानंतर तिनं गायरानाच्या कडेचा एक तुकडा दगड वेचून वेचून कसायला घेतला होता. जिच्या घरी शेत तिला जंगल, आणि जिच्या घरी काहीच नाही तिला गावाची उघडी जमीन. यात कुठला न्याय बसतो ते मी बरेच दिवस शोधलं.

लातूर जिल्हा तेव्हा नवा होता. कलेक्टर आला, कोर्ट आलं, पाट्या रंगवून झाल्या. जंगल काही आलं नाही. जिल्ह्याचा नकाशा भिंतीवर लावून मी हिरवा रंग शोधायचे तेव्हा औशा गंमत करायची. म्हणायची, "अगं, थोडा हिरवा माझ्याकडून घेऊन जा, मला जास्त झालाय." ती हे मनापासून गमतीनं म्हणायची. मला ते जिव्हारी लागायचं.

तिच्या सगळ्याचाच मला हेवा वाटायचा. महिन्यातून एकदा ती किनवटहून नांदेडला यायची ती उन्हानं काळवंडून, अंगावर ओरखडे घेऊन, आणि होस्टेलच्या आमच्या खोलीत तिच्या पिशवीतून सागाची पानं, चारोळ्या, अस्वलाच्या नखांचे ओरखडे असलेली साल असलं काय काय निघायचं. माझ्या पिशवीतून कुसळं निघायची. ती सुद्धा तिच्याच चादरीला चिकटायची. फॉरेस्टचा गार्ड तिला मॅडम म्हणायचा. माझ्या गावात मला अजून अमक्याची पोरगी म्हणत होते. एकदा ती हिवताप घेऊन आली आणि आठ दिवस थंडीनं कुडकुडत पडली. मी तिला पेज करून घातली, कपाळावर पट्ट्या ठेवल्या, आणि पट्टी बदलता बदलता माझ्या मनात आलं, हिचा तापसुद्धा जंगलातला.

माझं काम सांगण्यासारखं नव्हतं. लोखंडी सळईची एक मीटर चौरस चौकट घ्यायची, ती गवतावर टाकायची आणि आत काय काय उगवलंय ते मोजायचं. पवना किती काड्या, मारवेल किती, कुसळी किती. गायरानाच्या एका कोपऱ्यात ग्रामपंचायतीची परवानगी काढून मी दहा-दहा पावलांच्या वीस मोठ्या चौकटी आखल्या होत्या आणि ती जागा बोरीच्या काट्यांनी बंद केली होती. गुरं आत जाऊ दिली नाहीत तर कुठलं गवत परत येतं, ते मला बघायचं होतं. कुंपण पडलं आणि गावात बातमी झाली की नव्या जिल्ह्याची कुठली तरी कचेरी इथं होणार. चार दिवसांत दोन जण पोराला शिपाई म्हणून लावून घ्या सांगायला आले. कचेरी नाही, गवत आहे, असं सांगितल्यावर त्यांचा विश्वास बसेना. आत्या दारात बसून हे ऐकत होती. ती म्हणाली, "गवत मोजाया एवढं शिकलीस व्हय माय? मी तर न शिकताच सांगितलं असतं, लई कमी झालंय म्हणून."

आणि ते खरं होतं. एका बाजूनं नांगर सरकत होता, दुसऱ्या बाजूनं नव्या जिल्ह्याच्या इमारतींसाठी मुरूम उपसला जात होता, आणि मधे वृक्षारोपणाच्या नावाखाली निलगिरीचे खड्डे खणून ठेवले होते. नांगर सरकवणाऱ्यांत माझी आत्याही होती. गायरान कमी होतं हे वाईट, असं माझ्या वहीत लिहायचं आणि तिच्याच तुकड्यातल्या ज्वारीची भाकरी खायची, असं माझं चाललं होतं. औशाच्या वाट्याला असला काही पेच नव्हता. तिचं जंगल म्हणजे जंगल. निदान मला तसं वाटायचं.

तिच्या चौकटी चार मोठ्या मोहाच्या झाडांखाली होत्या. त्या रानात मोहाची झाडं सरकारी असली तरी कुठलं झाड कुणाचं हे ठरलेलं असतं. हे चार मोह एका म्हाताऱ्या गोंड बाईच्या घरचे होते. तिच्या सासूनं वेचले, तिनं वेचले, आता सून वेचायची. औशानं त्या झाडांखाली उगवलेल्या एकेका रोपाला नंबर दिला होता. मोह, ऐन, तेंदू, धावडा, सगळी मिळून तीनशेवर रोपं होती. दर महिन्याला प्रत्येकाची उंची मोजायची आणि कोण जगलं, कोण गेलं ते लिहायचं. झाडांची पोरं जगतात की नाही यावर जंगलाचं पुढचं अवलंबून असतं, असं ती म्हणायची. नंबराच्या पट्ट्या आम्ही दोघींनी तुपाच्या डब्यांचे पत्रे कापून केल्या होत्या. खिळ्यानं ठोकून ठोकून आकडे उमटवले होते. माझ्या अंगठ्यावर अजून त्या पत्र्याचा व्रण आहे.

मोहाचा एक रिवाज असतो. फूल पहाटे गळतं आणि पाल्यात पडलं की वेचता येत नाही. म्हणून फुलं गळायला लागायच्या आधी झाडाखालचा वाळका पाला जाळून जमीन स्वच्छ करतात. कधी जाळायचं ते त्या झाडाच्या घरची थोरली बाई कळ्या बघून ठरवते आणि एक-दोन दिवस आधी सांगते. पहिल्या वर्षी औशा तिथेच होती. तिनं आणि म्हातारीनं मिळून चौकटींभोवतीचा पाला हातानं ओढून काढला होता. मग आग कडेकडेनं गेली आणि रोपांना धग लागली नाही. जाळायच्या आधी सांगायचं आणि हिनं येऊन पाला ओढायचा, असं त्या दोघींचं ठरलं होतं.

दुसऱ्या वर्षी होळीच्या सुमाराला औशा नांदेडला निबंध लिहीत बसली होती. बंगळूरच्या एका परिषदेला तिचा निबंध जायचा होता. मला गवताचं वजन करायला तोलकाटा हवा होता. प्रकल्पाला तोलकाटा एकच, आणि तो कायम किनवटला, हाही माझा एक जुना राग होता. शेवटी मीच जाऊन तो घेऊन यायचं ठरलं.

किनवटला मी एकच दिवस होते. तोलकाटा फॉरेस्टच्या नाक्यावर ठेवलेला होता. आलेच आहे तर तिच्या चौकटी बघू म्हणून मी झाडांकडे गेले. आणि खरं सांगते, बघून मला भरून आलं. वाळक्या पाल्यातून ती वीत-वीतभर रोपं वर आलेली होती, प्रत्येकाच्या बुडाशी पत्र्याचा नंबर होता, दोरी ताणून बांधलेली होती. माझ्या गायरानावर दोन वर्षांत मी इतक्या मायेनं काही केलं नव्हतं. मला वाटलं, मला हे मिळालं असतं तर मीही केलं असतं.

तेवढ्यात म्हातारी आली. झाडाकडे मान वर करून तिनं थोडा वेळ कळ्या बघितल्या. मग मला म्हणाली, "तुह्या मैतरणीला सांग, परवा सकाळी पाला जाळून राहिलो आम्ही. उद्याच्या गाडीनं ये म्हणावं अन् पाला वढून घे. माझ्यानं एकटीनं व्हत न्हाई आता. इसरू नको."

मी म्हणाले, "सांगते आजी."

म्हातारीच्या हाताशी माणसं कमी होती, चार झाडांखाली पाला गुडघाभर होता, हे मला दिसत होतं. मी तिथेच थांबून पाला ओढू शकले असते. पण निरोप तिच्यासाठी होता आणि माझी गाडी दुपारची होती. मी नांदेडला निघाले. गाडीत पूर्ण वेळ निरोप माझ्या डोक्यात होता. विसरायचा प्रश्नच नव्हता.

खोलीवर गेले तर ती नव्हती. प्रयोगशाळेत गेले. तिथे सर तिचा निबंध हातात घेऊन उभे होते. वाचत होते आणि मधेच मान हलवत होते. सर कधी कुणाचं कौतुक करायचे नाहीत, पण त्या दिवशी म्हणाले, "असं काम माझ्या हाताखाली अजून कुणी केलेलं नाही." मग त्यांचं लक्ष दारातल्या माझ्याकडे गेलं. "या. तुमच्या गवताचंही बघू कधीतरी," असं म्हणून त्यांनी परत पानात डोकं घातलं.

ती माझ्याकडे बघून हसली. "तोलकाटा मिळाला? माझी पोरं बरी आहेत का गं?" असं विचारलं.

मी म्हणाले, "बरी आहेत."

एवढंच. निरोप जिभेवर आला होता आणि मी तो आत घेतला. त्या क्षणी मी काही ठरवलं नव्हतं. संध्याकाळी सांगू असं वाटलं. संध्याकाळी ती निबंधाची शाई वाळवत होती. सकाळी मी उठून एस. टी. स्टँडवर गेले. मीच किनवटला जाते, मीच पाला ओढते, तिला कळायचंही कारण नाही, असं मनाशी म्हणत गेले. गाडी लागली होती. कंडक्टर "किनवट, किनवट" ओरडत होता. मी बाकावर बसून राहिले. गाडी भरली, निघाली, माझ्या समोरून वळण घेऊन गेली. नंतर मी कोपऱ्यावरच्या हॉटेलात एक चहा घेतला आणि खोलीवर आले.

चौथ्या दिवशी ती किनवटला गेली आणि लगेच परत आली. तिनं रुमाल उघडून खाटेवर ठेवला. आत पत्र्याच्या पट्ट्या होत्या, काळ्या पडलेल्या, काही वाकलेल्या. तीनशेवरच्या सगळ्याच नव्हत्या. मिळतील तेवढ्या तिनं राखेतून वेचून आणल्या होत्या. मी विचारलं, "कसं झालं?" तेव्हा माझ्याकडे न बघता "जळलं" म्हणाली आणि अंगावर चादर घेऊन भिंतीकडे तोंड करून झोपली.

सर फार चिडले. मला त्यांनी दुसऱ्या दिवशी बोलावून सांगितलं, "विसरले म्हणते. दोन वर्षांचं काम, आणि विसरले म्हणते. हुशारी काय चाटायची आहे?" पाला जाळायचे दिवस आलेत हे आपण विसरलो असं तिला म्हणायचं असेल, असं मी धरून चालले. खोलात गेले नाही. रोपंच नाहीत तर निबंध कसला, म्हणून सरांनी तो मागे घेतला आणि त्याच्याऐवजी माझा गवताचा पाठवला. बंगळूरला मी गेले. तक्ते तिनं काढून दिले. तिचं अक्षर चांगलं होतं म्हणून मीच मागितले होते. तिनं दोन दिवस बसून काढले, पवन्याच्या लोंब्यांची चित्रंसुद्धा रंगवून दिली. परिषदेत लोकांनी तक्त्यांचं कौतुक केलं, आणि मी आभार मानून ते आपल्या पदरात घेतलं.

त्या वर्षी पाऊस आला तो मृगात एकदा आणि पोळ्याला एकदा. दिवाळीपासूनच लातूरला टँकर फिरायला लागले. गावात रोजगार हमीची खडी फोडायची कामं निघाली. आत्या त्यावर जायची. गायरान पार तासून काढल्यासारखं झालं. गुरं मातीत तोंड घासत फिरायची. त्या सगळ्या उजाड माळावर गवत उभं होतं ते फक्त माझ्या काट्यांच्या आत. वाळलेलं, पिवळं, पण कमरेएवढं. दोन वर्षं गुरं न शिरल्यानं पवना आणि मारवेल मुळं धरून राहिले होते. जे मला सिद्ध करायचं होतं ते तिथे उभं होतं. आता फक्त एकेका चौकटीतलं गवत कापून तोलायचं होतं.

आणि तोलकाटा परत किनवटला गेला होता. जळालेल्या रानातून कोंब फुटतात का ते ती बघत होती. काटा मागायचा म्हणजे तिच्याशी नीट बोलणं आलं, आणि ते मी वर्षभर टाळत होते. आज मागू, उद्या मागू करता करता माघ उजाडला आणि मला कावीळ झाली. वडिलांनी लातूरला घरी नेलं. महिनाभर मी उसाचा रस आणि मुरमुरे यांवर पडून होते.

गावात पुढे काय झालं ते मला आत्यानं नंतर सांगितलं. गावानं ठरवलं की बाजाराच्या दुसऱ्या दिवशी कुंपण उचलायचं आणि ज्याला जेवढं मिळेल तेवढं गवत न्यायचं. यात माझी आत्याही होती, कारण तिची गाय उठेनाशी झाली होती. पण तिला माझीही काळजी होती. मी आजारी आहे हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं वाड्यातल्याच एका कंडक्टरबरोबर नांदेडच्या होस्टेलवर निरोप धाडला, की पोरीला म्हणावं, काही मोजायचं असंल तर येऊन मोज, मग आम्ही न्हेतो. खोलीत मी नव्हते. निरोप औशाला मिळाला.

ती कंधारमार्गे आली, किनवटहून आधीच आणलेला तोलकाटा घेऊन. तिनं भांडण केलं नाही आणि गवत वाचवायलाही बसली नाही. ती गावातल्या बायकांना म्हणाली, गवत तुमचंच आहे, फक्त मी सांगते त्या क्रमानं कापा. वीस चौकटी, वीस बायका. चार बोटं बूड ठेवून कापायचं, म्हणजे पुन्हा फुटेल. प्रत्येक भाऱ्याला वेगळ्या रंगाची चिंधी. भारा काट्याला लटकवायचा, आकडा वहीत, आणि भारा बाईच्या डोक्यावर. दुपारपर्यंत सगळं आटोपलं. एका बाईचा भारा कमी भरला म्हणून ती कुरकुरली, तर दुसरीनं आपल्यातला पेंढा काढून दिला. तोही हिनं तोलून झाल्यावरच द्यायला लावला.

"लई कडक बाई हाय," आत्या मला सांगत होती. "पर माज न्हाई. माझ्या घरात राहिली, माझ्या हातची भाकर खाल्ली. मी म्हनलं, तुमी जमीनदाराच्या लेकी, पानी घेता का आमच्याकडचं? तर उठून रांजणात तांब्या बुडवला अन् प्याली. गाय बी उठली बघ माझी." ती पंधरा मिनिटं तिचंच कौतुक करत होती. माझ्या तब्येतीचं तिनं नंतर विचारलं. अंगात ताकद नव्हती, तरी मला तेवढ्यातही राग आला, की आता माझी आत्यासुद्धा हिनं घेतली.

चैत्रात मी बरी होऊन गावात गेले. औशा वही द्यायला मुद्दाम आली होती. आम्ही दोघी गायरानावर गेलो. काट्या कुणीतरी सरपणाला नेल्या होत्या, पण कापलेली बुडं जागेवर होती. वही उघडली. वीस चौकटी, वीस आकडे, कुठल्या चौकटीत कुठलं गवत, शेरे, सगळं तिच्या त्या अक्षरात. माझ्या प्रबंधातला सगळ्यात महत्त्वाचा तक्ता हाच व्हायचा होता, आणि त्यात माझ्या हातचा एक आकडा नव्हता.

मग मात्र मला राहवलं नाही. मी म्हणाले, "तुझ्या चौकटींचं एक सांगायचंय."

"मला माहितेय."

"काय माहितेय?"

"म्हातारीनं निरोप दिला होता ते. मी गेले त्याच दिवशी तिनं मला धारेवर धरलं. निरोप धाडला तरी आली नाहीस म्हणून."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, मिळाला होता आजी, विसरले."

"आणि सरांना?"

"तेच. दोन ठिकाणी दोन गोष्टी कशाला सांगायच्या?"

म्हणजे तक्ते काढत होती तेव्हा तिला माहीत होतं. लोंब्या रंगवत होती तेव्हाही. मी वही घट्ट धरून उभी होते. विचारलं, "तुला राग नाही आला?"

"आला ना. लई आला." आमच्याकडचं "लई" ती कधी म्हणायची नाही, त्या दिवशी म्हणाली. "तुझ्या आत्याचा निरोप आला, तेव्हा तो कंडक्टर दारात उभा होता आणि मला हसू आलं. म्हटलं, आता बघ. एक आख्खा दिवस मी तशीच बसून होते. कुठं गेले नाही, जेवले नाही. दुसऱ्या दिवशी पहिली गाडी धरली."

"का?"

"काय माहीत. तुझी आत्या वाट बघत असेल असं वाटलं."

एक दिवस तिच्याही हातात होता आणि एक माझ्याही. मी त्या वेळी तिचे पाय धरायला हवे होते. मला काय वाटलं ते सांगते. मला हेवा वाटला. जंगलाचा वाटला नव्हता इतका. त्या दिवसानंतर हिला उठून गाडीत बसता आलं, आणि मी स्टँडवर गाडीसमोर बसूनही उठले नव्हते. मी म्हणाले, "मी सरांना खरं सांगेन." ती म्हणाली, "बघ," आणि पदराला चिकटलेली कुसळं काढायला लागली.

दोघींचे प्रबंध झाले. तिला नव्यानं सुरुवात करायला लागल्यामुळे तिचा माझ्यानंतर झाला. त्याच सुमाराला कॉलेजात अधिव्याख्यात्याची एक जागा निघाली. शिफारस सर करणार होते. त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "काम तिचं जास्त चांगलं आहे, हे तुम्हालाही मान्य असेल. पण तो रोपांचा प्रकार माझ्या मनातून जात नाही. तुम्ही तिच्याबरोबर राहिलात. तुमचं काय मत? आहे का ती तशी विसराळू?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. सरांना घाई नव्हती. ते उत्तराची वाट बघत चष्मा पुसत होते.

मी म्हणाले, "थोडी विसराळू आहे, सर."

ती जागा मला मिळाली आणि त्याच जागेवरून मी निवृत्त झाले. ती किनवटच्या एका शाळेत शिक्षिका झाली आणि तिथेच राहिली, त्याच रानाच्या कडेला. त्या चार मोहांखाली आता तिनं जपलेली रोपं डोक्याच्या वर गेली आहेत म्हणतात. म्हातारी गेली, आता कळ्या बघून दिवस तिची सून ठरवते. दर वर्षी होळीच्या आधी दिवस ठरला की औशा मला कळवते, अमुक दिवशी सकाळी पाला जाळणार आहेत, ओढायला येतेस का. पूर्वी पोस्टकार्ड यायचं, आता फोन येतो. निरोप नेहमी दोन दिवस आधी येतो, गाडी धरायला पुरेसा वेळ असतो. मी अजून एकदाही गेलेली नाही.